डाव्या बाजूला दोन बोटं

जुन्या पिकअप भंगारातून उचलायच्या आणि पुन्हा रस्त्यावर आणायच्या, हे वेड मला मिसरूड फुटायच्या आधीपासून. चोपड्यात कुणालाही विचारा, ललितपुढे गाडी अडून बसली असं कधी झालं नाही. ही मात्र बसली.

सोनगीरच्या कौतिक आबांकडून ती आणली, तेव्हा तिचं डावं दार वेल्डिंग मारून कायमचं बंद केलेलं होतं. असलं काम बघितलं की माझं डोकंच फिरतं. मी ग्राइंडरने वेल्डिंग कापलं, बिजागऱ्या बदलल्या, दार एका बोटाने उघडेल असं केलं. बायकोला, ज्योत्स्नाला, शब्द दिला होता की यंदा आखाजीच्या सणाला याच गाडीतून पहूरला, माहेरी नेईन. डाव्या सीटवर पहिली बसणार ती.

दुसऱ्या दिवसापासून गाडी डावीकडे दोन बोटं खाली.

स्प्रिंगचे पाटे बदलले. शॉकअप बदलले. टायरची हवा तपासली, दोरी लावून चासी मोजली. सगळं बरोबर, आणि गाडी तिरकी ती तिरकीच. कधी तासभर सरळ उभी राही. मी खूश होऊन हात धुऊन येई, तर पुन्हा दोन बोटं. एकदा संतापून पाना भिंतीवर फेकला. भर दुपारी शेडचे पत्रे तापून कडकड वाजत, आणि त्यातही सीटची स्प्रिंग हळूच करकरलेली मला ऐकू येई. एवढ्या उन्हात आत ओल्या मातीचा वास यायचा.

"तुमचे हातच म्हातारे झालेत," ज्योत्स्ना म्हणाली, "गाडीला कशाला बोल लावता?"

ते फार लागलं. मी तडक सोनगीर गाठलं. आबा ओट्यावर बसले होते.

"दार खोलं का तू?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

ते ओट्यावरून खाली उतरले.

"मंग ती चढत-उतरत ऱ्हास आते... गाडी दबनी का समज, ती मझार बठेल शे."

"आत बसलेली असते? कोण ती, आबा?"

"नाव इचारू नको. मना बापनी बंद करेल व्हतं ते दार... दबेल दिसनी का मंगच वेल्डिंग मार. नै ते ती बाहेर राही जाई."

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पण आखाजी दोन दिवसांवर आली होती, त्या सीटवर ज्योत्स्ना बसणार होती, आणि साफ सांगतो, मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दबलेली होती. मी स्वतः मोजलं. मग हात सवयीने चालू लागले. वेल्डिंगची खालची शिवण नीट मारता यावी म्हणून जॅक लावला, गाडी उचलून लोखंडी घोडीवर घेतली, चाकं अधांतरी, बॅटरीची वायर काढली आणि रागारागाने वेल्डिंग मारून दार बंद करून टाकलं. जन्मभर मी असंच काम करत आलोय. उचललेल्या गाडीत कोण बसलंय नि कोण उतरलंय, ते कळत नाही, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

गाडी खाली घेतली. दोन्ही बाजू सारख्या, केसाचाही फरक नाही. महिनाभरात पहिल्यांदा मी मोठ्याने हसलो. मग आबांचं बोलणं आठवलं. ती आत असती तर गाडी दबलेली असती.

आखाजीच्या सकाळी ज्योत्स्नाला म्हटलं, मोटारसायकलनेच जाऊ.

"शेवटी मोटारसायकलच ना," असं म्हणून ती पिशवी आणायला आत गेली.

मी मोटारसायकल स्टँडवरून काढली आणि हँडल धरून शेजारी उभा राहिलो. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मागच्या सीटची गादी करकरली. मागचे शॉकअप हळूहळू खाली गेले, आणि पुन्हा वर आलेच नाहीत.

"थांबा," ज्योत्स्ना आतून म्हणाली, "कुलूप लावून आलेच मी बसायला."