वेशीवरच्या काट्या

ही गोष्ट खरी आहे. कोणाला पटवून द्यायला मी बसलेलो नाही. जिच्यावर गुदरली ती सुवर्णा आज आदिलाबादच्या पुढं गुडीहत्नूरला माहेरी राहते, आमच्याच आळीत. तिनं सांगितलं तसं सांगतो.

दोन वर्षांपूर्वीचा वैशाख. रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

सुवर्णाचं सासर भीमपूर मंडलात, म्हणजे तालुक्यात, पैनगंगेच्या काठावर. नदीपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं तेलंगणा. बोली एक, सोयरिकी एक. मधे फक्त पाणी.

त्या दुपारी सुवर्णाला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. गावातला लखन जीप घेऊन आला. पुढं तिचा नवरा बसला, खुशाल नाव त्याचं; मागं सुवर्णा आणि सासू बयनाबाई. आदिलाबादचा दवाखाना गाठायचा होता.

गाडी गावाच्या वेशीवर आली.

"थांबव," खुशाल म्हणाला.

लखननं ब्रेक मारला. "काऊन?"

"दिसत नाई का तुले? रस्त्यावर काट्या टाकल्या हायेत."

सुवर्णानं मान उचलून पाहिलं. काळा डांबरी रस्ता. सरळ. रिकामा.

बाभळीची एक काटेरी फांदीसुद्धा नव्हती...

खुशाल खाली उतरला. दोन्ही हातांनी काहीतरी बाजूला ओढू लागला. हवेतच. मग एकदम मागं सरला. समोर कोणी उभं असावं तशी त्याची मान खाली गेली.

"जाऊ दे ना, बाई. बायको अडली हाय माझी."

थोडा वेळ तो ऐकत राहिला.

"इथलाच हाव मी. याच गावचा."

पुन्हा ऐकत राहिला. वारा पडलेला. पाखरूही बोलत नव्हतं. सुवर्णाला कोणाचाच आवाज येत नव्हता, पण नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडताना तिला दिसला.

बयनाबाईनं डोक्यावरचा पदर घट्ट ओढला. "लखन, गाडी काढ."

"मामी, पन खुशाल..."

"राहू दे त्याले. तिचं भांडन त्याच्याशी हाय. तू पोरीले ने."

गाडी निघाली. आडवं काहीच आलं नाही.

फक्त ती जागा ओलांडताना सुवर्णाच्या पोटावरून एक हात फिरला... गार. ओला. वाळू लागलेला.

सासूचे दोन्ही हात तर तिच्या खांद्यांवर होते.

मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. दवाखान्यातच सुवर्णानं सासूला विचारलं, "आत्याबाई, ती कोन?"

मग बयनाबाईनं सांगितलं.

करोनाच्या साली पैनगंगेवर दोन देशांमध्ये असावा तसा पहारा बसला होता. पूल बंद. घाटावर तंबू ठोकून पोलीस. गावांनीही वेशीवर काट्या टाकल्या. गावच्या पोरांनी पाळ्या लावून राखण केली. सुवर्णाचं लग्न तेव्हा झालेलं नव्हतं.

गावातल्या गयाबाईची लेक रंजीता पलीकडं दिलेली. दिवस भरत आलेले. नवरा पुण्यात अडकलेला, सासरी करणारं कोणी नाही. पहारा चुकवून, नदीच्या वाळूतून ती चालत माहेरच्या वेशीवर आली. पाळी खुशालची होती.

"इथलीच हाव ना, भाऊ. गयाबाईची पोर."

"लगन झालं ना तुझं? मंग आता तिकडची. तिकडंच जाय."

तिनं पाणी मागितलं. त्यानं दिलं नाही. घर दिसत होतं तिचं. ती काट्यांपाशी बसून राहिली, मग उठून परत गेली. दुसऱ्या दिवशी कोळ्यांना नदीच्या वाळूत सापडली. पोटातलं पोटातच होतं.

"पोटुशी मेली, आलवंतीन झाली ती," बयनाबाई म्हणाली. "इतके दिवस गप होती. तुझे दिवस भरायची वाट पाहून राह्यली होती."

त्या संध्याकाळी लखन परत गेला तेव्हा खुशाल वेशीवरच बसलेला होता. ओठ फुटलेले. घर हाकेच्या अंतरावर, पण पाणी प्यायलाही उठला नव्हता. पायातल्या चपला धड होत्या. तळव्यांत मात्र काटेच काटे...

तेव्हापासून खुशालला गाव सोडता येत नाही.

पांदणीनं जा, शेतातून जा, नदीकडून जा, त्याला पुढं काट्या दिसतात. एकदा लखननं त्याला गाडीत बांधून नेलं. वेस आली आणि त्याचा श्वास बंद पडला. डोळे फिरले. गाडी मागं घेतली तेव्हा कुठं छाती हलली.

बयनाबाई लुगडं-चोळी घेऊन गयाबाईच्या पाया पडली. "लेकीले सांग, मोकळं कर माझ्या पोराले."

गयाबाईनं लुगड्याला हात लावला नाही.

"मी कोन सांगनारी? मी तर त्या दिवशी घरातच होती. मले कोनी हाक बी नाई मारली."

सुवर्णा बाळंतपणानंतर माहेरीच राहिली. खुशाल फोनवर रडायचा. "एकदा पोरीचं तोंड दाखव." शेवटी तिलाही राहवेना. पोरगी बसायला लागल्यावर ती लखनच्या जीपमधून निघाली.

तिनं गाडी वेशीबाहेर थांबवली. पोरीला कडेवर घेऊन उतरली. पलीकडं खुशाल उभा होता. वाळून कोळ झालेला. दोन्ही हात पसरलेले. मधे मोकळा रस्ता.

सुवर्णानं पाऊल उचललं.

आणि कानाशी, अगदी हळू...

"तू जाय, बाई. लेकरू इथंच राहू दे."

तिनं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. लखन गाडीतच होता.

पण परक्याला पाहून रडणारी तिची पोरगी कडेवरून वाकली होती. सुवर्णाच्या खांद्यामागं, रिकाम्या जागेकडं तिनं दोन्ही हात पुढं केले होते.

कोणी तरी घ्यायला उभं असावं तसे...

सुवर्णा पोरीला छातीशी धरून गाडीत बसली. खुशाल हाका मारत राहिला. तिनं मागं पाहिलं नाही.

त्या गावी ती पुन्हा गेली नाही. पोरीला अंगणात एकटी सोडत नाही. मी तिला म्हणालो, "इतक्या लांब ती काऊन येईल?"

तिनं खेळत्या पोरीला जवळ ओढलं.

"तो आवाज रागाचा नव्हता, भाऊ," ती म्हणाली. "राग असता तं मी भांडली असती. आपलंच लेकरू मागावं ना कोनी... तसा होता."