खोल पाण्याची गुबगुबीत पाटी

भाचीला पोहण्याच्या वर्गाला घेऊन गेले, तो पहिलाच दिवस. मी चपला काढायला वाकले आणि ती हात सोडवून थेट मोठ्या तलावाकडे पळाली... अगदी काठावर तिथल्या शिक्षकाने तिला दंडाला धरून अडवलं.

मी धापा टाकत पोहोचले ती भांडायच्याच तयारीने. साधी पाटी लावता येत नाही का, असं मी त्याला विचारलं. त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. 'खोल पाणी.' जाडजूड, फुगीर अक्षरं. काना किंचित कललेला, वेलांटी उशीसारखी. तो फॉन्ट माझा होता, दीड वर्ष खपून काढलेला. भाचीला अजून वाचता येत नव्हतं, पण तिच्या वाढदिवसाची कार्डं मी त्याच अक्षरांत करत आले होते. मावशीची अक्षरं दिसली, म्हणून ती धावली होती.

मी ओशाळून सगळं सांगितलं. वाटलं, आता हा चिडणार. तो म्हणाला, "मग ही अक्षरं लावायची तरी कुठे?"

दीड वर्षात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सांगत सुटले. दोन-चारच शब्द, तेही मोठे. खेळण्याच्या खोक्यावर, गोष्टीच्या पुस्तकावर, जिथे पोरांना 'या' म्हणायचं असेल तिथे. नियम, औषधं, धोका – तिथे चुकूनही नाही. तो ओल्या केसांनी मन लावून ऐकत होता आणि मी – मधेच वाक्य विसरले.

रविवारी आम्ही दोघांनी पाट्या बदलल्या. खोल तलावावर लाल, सरळ, कडक अक्षरं. पोरांच्या उथळ तलावावर माझी – 'चला, डुंबू या!' त्याने शिडी धरली होती. ही अक्षरं अगदी तुमच्यासारखी आहेत, असं तो बोलून गेला. म्हणजे जाडी का, असं मी विचारल्यावर कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, हसरी... हसरी म्हणायचं होतं.

मग भाचीला न्यायचं-आणायचं काम मी ताईकडून मागूनच घेतलं. ताई नुसती हसायची.

दोन महिन्यांत भाची माशासारखी पोहू लागली आणि वर्ग संपला. शेवटच्या दिवशी मी रेंगाळतच निघाले. फाटकापाशी मागून धावत कोणी आलं.

"तुमचा वर्ग सुरू करू या का?" त्याने विचारलं. "उद्यापासून...?"

"मला पोहायला नाही शिकायचं," मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला. मग मीच धीर केला. "मला तुम्हाला भेटायचंय. नुसतंच. रोज."

तो स्वतःच्या अनवाणी, ओल्या पावलांकडे पाहून हळूच म्हणाला, "थांबा हं... चपला घालून आलोच."