वहीतली तेविसावी नोंद

"विल्मार, वर चला! नेलिडा सही करायला बसलीय."

मिर्ता जिन्यातूनच ओरडली. तिच्या बगलेत थर्मॉस होता, हातात येर्बाचा, म्हणजे नळीनं ओढायच्या कडू पाल्याच्या चहाचा, भोपळा होता, आणि एरवी अखंड चालणारं तिचं तोंड आज एवढं बोलून थांबलं होतं.

विल्मार एचेगोयेन फाटकापाशी खुर्चीत बसला होता. एकतीस वर्षं पोलिसात काढून तो या दफनभूमीच्या नोंदणी कचेरीचा दरवान झाला होता. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको एल्सा गेली. तेव्हापासून त्याला काही वाटेनासंच झालं होतं. दुःखसुद्धा धड होत नव्हतं. थंडी वाजली की कोट चढवायचा आणि भूक लागली की पाव खायचा, एवढंच उरलं होतं. येर्बा त्याला एल्साच ओतून द्यायची. ती गेली आणि त्यानं येर्बा सोडली. बगलेत थर्मॉस नसलेला माणूस सान लौरेआनो गावात बहुधा तो एकटाच होता.

"कसली सही?" त्यानं विचारलं.

"निवृत्तीची! आजारपणाचं कारण देऊन. एक वाजायच्या आत साहेब कागद घेऊन येणार. जन्मभर चोर पकडलेत ना? मग आता एक माऊस पकडा."

बारा वाजून गेले होते. विल्मार उठला.

वरच्या खोलीत लोखंडी टेबलामागे नेलिडा बिडेगाइन बसली होती. वय एकसष्ट, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दोन महिने ती मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या कॉम्प्युटरवर चढवत होती, आणि दोन महिने तिचा बिनतारी माऊस मध्येच बंद पडत होता. पडद्यावरचा बाण जागीच उभा राहायचा. साहेबांनी बॅटरी बदलली, मग माऊस बदलला. शेवटी जिल्ह्याहून तंत्रज्ञ आला, सकाळभर बसला आणि सगळं ठीक आहे म्हणून निघून गेला.

बदलायचा राहिला होता तो फक्त नेलिडाबाईंचा उजवा हात.

"साहेबांनी जबरदस्ती केली?" विल्मारनं विचारलं.

"नाही. कागद मीच मागवला." तिचा आवाज सपाट होता. "आईचं याच वयात सुरू झालं. आधी हात थांबायचा. शेवटी चमचा उचलवेना."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवून काय ऐकायचं? माहीत आहे मला."

"माऊस थांबतो तेव्हा हाताला काय होतं?"

"काही नाही. मला वाटतं मी हलवतेय. आईलाही असंच वाटायचं."

घरी तिचं कुणी नव्हतं. ही खुर्ची गेली की सोमवारपासून ती चार भिंतींत बसून आपल्या हाताकडे बघत राहणार होती. मिर्ताचे डोळे भरून आले. नेलिडाचे कोरडेच होते.

"कधी कधी थांबला ते लिहून ठेवलंत?"

तिनं एक छोटी वही पुढे सरकवली. बाई नोंदणी कचेरीतली होती, न लिहून कशी राहील? तारीख, वार, वेळ. एकूण तेवीस नोंदी. विल्मारनं त्या बोट फिरवत वाचल्या आणि पुन्हा वाचल्या.

"साडेनऊ ते अकरा. जवळजवळ सगळ्या याच वेळात," तो म्हणाला. "आणि मंगळवारची एकही नाही."

"मंगळवारी तो नीट चालतो."

"म्हणजे तुमचा आजार मंगळवारी सुट्टी घेतो?"

मिर्ताला हसू फुटलं. नेलिडा हसली नाही.

"मंगळवारी इथे काय वेगळं असतं?"

"काय असणार?" मिर्ता म्हणाली. "मंगळवारी मी खाली खिडकीवर असते, लोकांच्या शिव्या खायला. बाकीचे दिवस साडेनऊ ते अकरा इथे, हिच्या शेजारी. कागद लावते आणि येर्बा पाजते."

"तंत्रज्ञ सोमवारी आला होता. तेव्हा तुम्ही होतात?"

"होते की. मेला माऊस त्याच्यापुढे एकदाही थांबला नाही! आम्हाला खोटं पाडलंन."

"त्याला येर्बा दिलीत?"

"हे काय विचारणं झालं? दारात आलेल्या माणसाला कोरडा धाडीन होय? पाच भोपळे प्यायला. टेबलभर त्याचे पाने नि पेचकस पसरलेले, मी आपली थर्मॉस मांडीवर घेऊन ओततेय."

विल्मारनं मान डोलावली. मग वहीतल्या शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. गुरुवार, बारा वाजून वीस मिनिटं.

"ही कालची. अकरानंतरची एवढी एकच. तेव्हा इथे कोण होतं?"

"मी नव्हते हं," मिर्ता म्हणाली. "काल हिनं पहिल्याच भोपळ्याला 'आभारी आहे' म्हटलंन. मग मी थर्मॉस उचलला आणि गेले. मला वाटलं, माझं काही चुकलं."

रिकामा भोपळा परत देताना आभार मानले, की त्याचा अर्थ पुरे, आता नको. तो शब्द येईपर्यंत ओतणारी ओतत राहते. नेलिडा रोज चार-पाच भोपळे घ्यायची. काल तिनं एकावर आटोपतं घेतलं होतं.

विल्मारनं पडद्याकडे पाहिलं. १९८३ सालची वही उघडी होती. डावीकडे जुन्या पानाचा फोटो, उजवीकडे तिनं चढवलेली यादी. दोनशे तेरा, दोनशे चौदा, दोनशे सोळा, दोनशे सतरा.

तेवढ्यात ऑलिव्हेरासाहेब आत आले. हातात कागद होता आणि चेहरा ओशाळलेला होता.

"साहेब, जरा या खुर्चीत बसा," विल्मार म्हणाला.

"मी? कशाला?"

"पाच मिनिटं. माऊस हलवत राहा, थांबू नका."

साहेब बसले. बाण पडद्यावर सरसर फिरू लागला.

"आता मिर्ता, तुम्ही तुमच्या जागेवर बसा. रोज करता तेच करा."

मिर्तानं खुर्ची ओढली. भोपळ्यात पाणी ओतलं आणि थर्मॉस टेबलावर ठेवला. बाण थोडा पुढे गेला, अडखळला, आणि उभा राहिला.

साहेबांनी माऊस दाबला, घासला, आपटला. बाण ढिम्म.

"काय हो साहेब," विल्मार म्हणाला, "तुमच्या हातालाही आजार झाला म्हणायचा."

त्यानं थर्मॉस उचलला. बाण धावला. थर्मॉस पुन्हा ठेवला. बाण थांबला.

"हा तुमचा गुन्हेगार."

"माझा थर्मॉस?" मिर्ता किंचाळली. "अहो, लग्नातला आहे तो!"

"लग्नातला असो की कुठला. माऊसला तार नाही. तो जे सांगायचं ते हवेतून सांगतो, आणि ऐकणारा आहे हा तुकडा." विल्मारनं मशीनच्या पुढच्या बाजूला अगदी खाली खोचलेला नखाएवढा काळा तुकडा दाखवला. "तुम्ही थर्मॉस ठेवता तो याला खेटून, बरोबर दोघांच्या मध्ये. बाहेर पोलाद, आत लिटरभर पाणी, खाली लोखंडी टेबल. चौकीत आमचा वायरलेस कपाटाआड गेला की असाच मुका व्हायचा. माऊस नवा आणलात, पण तुकडा त्याच भोकात खोचलात. मंगळवारी थर्मॉस खाली असतो. तंत्रज्ञ आला तेव्हा तो मांडीवर होता. म्हणून तेव्हा काही घडलं नाही."

"दोन महिने आमच्यापैकी कुणालाच कसं दिसलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"या गावात थर्मॉस कुणाला दिसतो? टेबलावर काय काय होतं असं विचारलं, तर लोक टाचणीसुद्धा सांगतील, थर्मॉस सांगणार नाहीत. मी येर्बा सोडलीय, म्हणून मला दिसला."

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि कागद फाडायला घेतला.

"थांबा," नेलिडा म्हणाली. "कागद ठेवा. बावीस नोंदींचा उलगडा झाला. कालची राहिली. काल थर्मॉस नव्हता."

विल्मारनं मिर्ताला गरम पाणी आणायला पाठवलं आणि साहेबांकडे नुसतं पाहिलं. साहेब कागद टेबलावर ठेवून बाहेर गेले.

"दोनशे चौदानंतर दोनशे सोळा आहे," विल्मार हळू म्हणाला. "तुमच्या हातून आकडा सुटत नाही. दोनशे पंधरा कोण?"

नेलिडानं पडद्यावरच्या जुन्या पानाकडे पाहिलं.

"लुसिया," ती म्हणाली. "लुसिया सोसा बिडेगाइन. माझी मुलगी. वय नऊ दिवस."

"ते पान काल येणार हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून सकाळी येर्बा नकोशी झाली."

"मी हलवत होते, विल्मार. शपथेवर सांगते."

"नव्हतात हलवत. माऊस चालू होता. तुम्ही थांबला होतात."

"पण मला काहीच वाटलं नाही. रडूसुद्धा आलं नाही. तिचं नाव समोर होतं, आणि मी दगडासारखी."

"मी दर शनिवारी दुकानात जातो," विल्मार म्हणाला. "येर्बाच्या फळीपुढे हात वर करतो, आणि तो तिथेच राहतो. गेल्या खेपेला मागच्या बाईनं विचारलं, आजोबा, बरं नाही का? तेव्हा कळलं, किती वेळ उभा होतो. मलाही काही वाटत नव्हतं."

हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नेलिडानं खुर्ची पुढे ओढली. माऊसवर हात ठेवला. बाण यादीवरून सरळ खाली आला, दोनशे चौदाच्या खाली. तिथे तिनं नवी ओळ उघडली. विल्मार तिच्या हाताकडे पाहत होता. आधी नाव, मग बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं, मग वय. हात एकदाही अडला नाही. ओळ पुरी झाली तेव्हा तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

मग तिनं कागद उचलला, त्याचे चार तुकडे केले, आणि वहीतल्या तेविसाव्या नोंदीवर रेघ मारली.

मिर्ता पाणी घेऊन परत आली. तुकडे पाहिले, नेलिडाचा चेहरा पाहिला. थर्मॉस तिनं जमिनीवर ठेवला, टेबलापासून चांगला हातभर लांब. पहिला भोपळा नेलिडाला दिला. दुसरा सवयीनं विल्मारपुढे धरला, मग तिला आठवलं आणि ती हात मागे घेऊ लागली.

विल्मारनं तो घेतला. नळी तोंडात धरून तळाशी आवाज येईपर्यंत ओढला. येर्बा कडू होती, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कशाची तरी चव लागली.

त्यानं भोपळा परत दिला. मिर्ता क्षणभर वाट पाहत राहिली. त्यानं 'आभारी आहे' म्हटलं नाही. तिनं पुन्हा पाणी ओतलं.