वायरच्या पलीकडे

सत्त्याऐंशी सालच्या दुष्काळातली गोष्ट. सिरसाळ्याकडच्या एका पाणीपुरवठा सहकारी संस्थेला विहिरीसाठी जागा हवी होती, म्हणून विद्यापीठातले भूगर्भशास्त्राचे सर यंत्र घेऊन आले. आले आणि चेअरमन सुंदररावांच्या घरी जेवायला बसले. माळावर पाठवलं उमाला. ती सरांच्या हाताखाली संशोधन करायची आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकंही तीच घ्यायची. आज बरोबर दोघंच होते, सिदू आणि त्रिंबक.

उमा मधोमध यंत्रापाशी बसली. सिदू पूर्वेला, त्रिंबक पश्चिमेला वायर ओढत न्यायचा, लोखंडी सळई जमिनीत ठोकायचा आणि ओरडायचा, "ठोकली, मॅडम!" दोन्हीकडून हाक आली की उमा जमिनीत वीज सोडायची, खाली पाणी आहे का ते काट्यावर बघायची, आणि पोरं आणखी लांब सरकायची.

दुपार कलली तसा वारा सुटला. धुरळ्यात आधी पोरं दिसेनाशी झाली, मग हातोड्याचे ठोकेही ऐकू येईनात. हाका मात्र वेळच्या वेळी येत होत्या.

एवढ्यात सिदू तिच्यासमोर येऊन उभा राहिला. अंगठ्यावर हातोडा बसला होता, रुमाल रक्तानं भिजला होता. कधी लागलं, तिनं विचारलं. लई वेळ झाला, तो म्हणाला. सळई तिथंच टाकली आणि धुरळ्यात वाट चुकून फिरत राहिलो.

तोच पूर्वेकडून हाक आली. आवाज सिदूचाच होता.

"ठोकली, मॅडम..."

उमानं यंत्र बंद केलं. पायाशी सैल पडलेली वायर हळूहळू ताठ झाली आणि पूर्वेकडं सरकायला लागली.

शेळ्या घेऊन घराकडं निघालेली छबुबाई ती हाक ऐकून जागीच थबकली. बहात्तरच्या दुष्काळात तिकडं विहीर खणताना दरड कोसळली, माणसं आतच राहिली, तिचा भाऊ आश्रुबाही त्यांच्यात होता, असं तिनं दबक्या आवाजात सांगितलं.

"सांज झाली, वर या, असं म्हनायला कुनी उरलंच न्हाई, पोरी. तुझ्या पोराला नाव घिऊन बोलाव. नुसतं 'या' म्हनू नको..."

उमा त्रिंबकला नाव घेऊन हाका मारत राहिली, घसा बसेपर्यंत. तो धुरळ्यातून पळत आला तेव्हा तिनं आधी त्याचा दंड चाचपला. ऊन होता. यंत्र, वायर सगळं तिथंच टाकून ती दोघांना घेऊन सडकेकडं पळाली. शेळ्या हाकत छबुबाई मागोमाग आली.

जीप नुकतीच येऊन थांबली होती. पोरं मागून आत चढली. सर पुढून उतरले, पानाची पिंक टाकली, आणि सामान माळावरच सोडलेलं बघून चिडले. उमा सांगायला लागली, पण त्यांनी तिला हातानंच गप्प केलं आणि पोरं अजून तिकडंच आहेत असं समजून माळाकडं तोंड करून मोठ्यांदा हाळी दिली.

"चला रे... या सगळे!"

क्षणभर वाराही थांबला.

"आलो..."

मग त्याच्याही पलीकडून एक. मग खूप खोलातून, एकात एक मिसळलेले कितीतरी.

सर हसले. "गावातली किती पोरं जमवलीस गं तू?"

छबुबाईच्या हातातली काठी गळून पडली. "आश्रुबा?" ती हलकेच म्हणाली आणि माळाकडं चालू लागली. उमानं धावत जाऊन तिचा हात घट्ट धरला.

मागं जीपमध्ये सिदू आणि त्रिंबक दोघंच बसले होते. तरी जीपची मागची बाजू करकरत खाली दबली... आणि दबतच राहिली.