यायातने घासलेली चकती

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. इमासने सांगितलं, तसंच सांगतेय.

बांडुंगमध्ये हवामानाच्या रडारचे भाग बनवणारी आमची लहानशी कार्यशाळा आहे. इमास तिथे सर्क्युलेटरचं डिझाइन करते. रडारची लाट आल्या वाटेने मागे फिरू नये, म्हणून बसवतात तो भाग. तिने संगणकावर मापं काढायची आणि तिच्या नवऱ्याने, यायातने, फेराइटची म्हणजे भाजलेल्या चुंबकीय मातीची चकती काचेवर घासून तेवढी पातळ करायची.

त्या संध्याकाळी दोघांचं वाजलं. तिच्या हिशेबाने चकती पावणेदोन मिलिमीटर हवी होती. तो दोनच्या खाली यायला तयार नव्हता.

"तुझ्या संगणकाला बोटं आहेत का, नेंग?" तो हसत म्हणाला. तिला तो लाडाने नेंग म्हणायचा.

"मग बोटांनाच विचार. मला विचारू नकोस."

ती रागाने एकटीच घरी गेली. तो मोटरसायकलवर मागून निघाला...

पोहोचलाच नाही.

तो गेल्याचा सदतिसावा दिवस. शुक्रवार, भर दुपार. पुरुष मशिदीत, बायका जेवायला. इमास एकटीच कामाला बसली होती.

शेजारच्या खोलीतून आवाज आला...

खर्र... खर्र...

ओल्या काचेवर चकती फिरत होती. आठ फेऱ्या. मग शांतता. तेवढ्या वेळात यायात चकतीवर फुंकर मारायचा.

फुंकर ऐकू आली...

त्या खोलीला कुलूप होतं. किल्ली तिच्याच पर्समध्ये होती.

तिने दार उघडलं.

कोणी नव्हतं.

काच मात्र ओली होती... आणि तिच्यावर एक चकती.

तिने मापली. बरोबर पावणेदोन.

कार्यशाळेतली विविन जेवून आली, तेव्हा इमास फरशीवर बसली होती. विविनला वाटलं, चकती हिनेच घासली असेल. पण तिचे हात कोरडे होते.

"तेह, मी काल हिशेब पुन्हा तपासला," इमास आपल्या या ताईला म्हणाली. "चकतीवरच्या चुंबकाचा जोर मी चुकीचा धरला होता. दोनच बरोबर होतं."

विविन तिच्याजवळ फरशीवर बसली.

"चूक माझी होती, तेह. आणि त्याने माझं ऐकलं."

घासलेली चकती पुन्हा जाड होत नाही. ती कुठेच बसवता आली नाही.

आता दर शुक्रवारी इमास त्या खोलीत जाते. रिकाम्या खुर्चीला, नवऱ्याला हाक मारायची तशीच, हळूच सांगते, "कांग, दोनच. तुझंच बरोबर होतं."

आवाज पुन्हा आला नाही.

त्याला ऐकू जातं की नाही... कोणास ठाऊक.