गल्लीतलं शेवटचं घर

"सरकारची दलाल!" म्हाताऱ्या पांगने नूडल्सचा वाडगा जमिनीवर उपडा केला. "भर शाळेच्या वेळात रोज येतेस. त्यांनीच पाठवलं ना, बापाची सही आण म्हणून? ज्या खोलीत तुझ्या आईने प्राण सोडला, ती पाडू देऊ?"

सरकारी शाळेत शिकवणारी त्याची मुलगी हुइलान खाली बसून फरशी पुसू लागली... तिला रडूही येईना! वुहानमधल्या त्या गल्लीत एवढंच घर उरलं होतं. वीज तोडलेली, भिंतीवर लाल वर्तुळात 'पाडा' लिहिलेलं. ज्या घरात सरकारी नोकर असेल, त्यालाच वडीलधाऱ्यांना वळवायला धाडायचं, ही इथली रीतच होती. 'वडिलांची सही होईपर्यंत वर्गावर येऊ नका,' असं मुख्याध्यापक म्हणाले होते. पण तिने बाबांजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. सांगणं म्हणजेच सही मागणं! नवऱ्यापासूनही लपवून ती सकाळी शाळेला म्हणून निघे, आणि बधिर मनाने इथे येऊन बसे...

तेवढ्यात दुसरीकडे राहायला गेलेली छिऊ काकू आपल्या मांजराला शोधत आली. "अगंबाई, तू इथे? नातू म्हणतो, आमच्या बाई येतच नाहीत, नव्या बाई नुसत्या खेकसतात! तुझ्या बापाची सही झाली की तुला परत घेणार, खरं का गं?"

हुइलानने मान खाली घातली. पांगने वाकून उपडा वाडगा उचलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेतून फोन आला, "वर्गावर या." ती धावतच गल्लीत पोचली. पांग उंबऱ्यावर बसला होता. शेजारी गोधडीचं गाठोडं, त्यावर आईचा फोटो. गरम नूडल्सचा वाडगा त्याने पुढे केला आणि तिला त्याचा अंगठा दिसला. सहीशेजारी ठसा उमटवायच्या शाईने लालभडक!

"बाबा, हे काय केलंत?"

"कालचा वाडगा सांडला होता माझ्याकडून. हा खा." त्याचा आवाज कोरडा होता. "बापाला एवढं परकं केलंस होय गं? बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला नसता, बाबा... म्हणून."

ओला रुमाल घेऊन ती त्याचा अंगठा चोळत राहिली. रंग काही निघेना. पांगने हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने मात्र तिच्या केसांवरची धूळ झटकली.

"पुरे. शाळा भरायची वेळ झाली. पोरं वाट बघत असतील, जा."