मागच्या टायरवरचं वजन

आधीच सांगून टाकतो, मला गोष्टी रचता येत नाहीत. शाळेत निबंधसुद्धा मी शेजारच्याच्या वहीत डोकावून लिहायचो. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते कानावर आलं तसंच आहे. माझे सख्खे चुलते सर्जेराव काका यांनी मला हे सांगितलं. शेवटचा भाग त्यांच्या जावयानं, हरिओमनं सांगितला. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी सांगितलं आणि दोघांचं जुळतंय, हीच तर अडचण आहे.

आणि अमावस्येची रात्र, वडाचं झाड असलं काही शोधू नका.

मे महिना होता, २०२३ चा. दुपारचे साडेबारा. परतूर तालुक्यातल्या आष्टीपासून पाच किलोमीटर आत, शेतातल्या वस्तीवर काकांचं घर आहे. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढं अंगण, अंगणात कडुलिंब. आसपास दुसरं घर नाही.

काका लाईनमन म्हणून रिटायर झालेले. दीड वर्षापूर्वी द्वारकाकाकू गेल्या. साधा ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. त्यानंतर काका तिथं एकटेच राहायचे.

किती एकटे, ते त्यांच्याच शब्दांत सांगतो.

"दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघत नव्हता बघ. मंग मी मोबाईलवर हवामानाचा अंदाज लावायचो. पाऊस पडो न्हाईतर न पडो. त्यात एक बाई बोलते ना."

त्यांना एकच लेक, तृप्ती. ती जालन्यात असते. तिला मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, पण माहेरी करणार कोण? सासरीच झालं. त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशी बारसं होतं आणि सकाळीच तिचा फोन आला होता.

"अण्णा, तुम्ही न्हाई आले तर माझ्या बाजूनं पाळण्याजवळ कोणीच न्हाई. आणि आता परत जायचं न्हाई. हितंच राहायचं आमच्याजवळ. कपडे भरून या."

काका हो म्हणाले. पिशवी भरली. घराची किल्ली कुणाकडं ठेवायची तेही ठरवलं. मोटारसायकलनं पहाटे निघायचं होतं, फक्त मागचा टायर पार टकला झाला होता. आतल्या तारा दिसायला लागल्या होत्या.

नवा टायर त्यांनी त्याच सकाळी आष्टीतून आणला. तिथला पंक्चरवाला परवेज म्हणाला, "चाचा, गाडी घेऊन या, मी बसवून देतो. जल्दी होईल."

काका कसले ऐकतात. आपला हात जगन्नाथ. तीस वर्षांत त्यांनी आपल्या गाडीला दुसऱ्या माणसाचा पाना लागू दिला नव्हता.

परवेज म्हणाला, "बराबर आहे, पण वर उभं राहायला माणूस लागतं. कोण आहे घरी?"

काकांनी टायर खांद्यात अडकवला आणि ते निघाले.

ज्यांनी कधी घरी टायर बदललेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टायरचा काठ रिमच्या आत सरकवत न्यायचा असतो. अर्धा सहज जातो. शेवटचा वीतभर अडून बसतो. तिथं लोखंडी पट्टी घालून उचकटायचं, आणि तेवढा वेळ समोरची बाजू दाबून धरायची. नाहीतर इकडून चढतो आणि तिकडून निघतो. पंक्चरवाले स्वतःच गुडघा देतात. काकांचा गुडघा विजेच्या खांबावरून पडल्यापासून कामातून गेलेला. म्हणून त्यांच्या घरात टायरवर काकू उभ्या राहायच्या.

अनवाणी. दोन्ही पाय टायरवर, एक हात खाली बसलेल्या काकांच्या खांद्यावर.

"माझं वजन तेवढं ह्याच कामाला येतं तुमच्या," म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

तर त्या दुपारी काकांनी गाडी डबल स्टॅण्डला लावली. चेन उतरवली, चाक काढलं. जुना टायर ओढून काढला, नवा घेतला, ट्यूब आत सारली. काठाला साबणाचं पाणी लावलं. अर्धा टायर बसला.

वीतभर राहिला.

त्यांनी समोरच्या बाजूला दगड ठेवला. दगड घसरला. खताची गोणी ठेवली. गोणी कलंडली. पट्टी सटकली आणि बोटाचं सालटं निघालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. घामानं बनियन अंगाला चिकटलं होतं. पत्रे तापून तडतडत होते.

काका तसेच चाकापुढं उकिडवे बसून राहिले.

आणि मग...

पत्र्यांची तडतड थांबली.

झाडावर होला घुमत होता, तोही गप्प झाला. लांब कुणाचं तरी ट्रॅक्टर चालू होतं, तेही ऐकू येईना. एवढ्या उन्हात कडुलिंबाचं एक पान हलत नव्हतं.

काकांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांनी पुन्हा पट्टी घातली, जोर लावला, आणि तीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"ये गं. उभी राह्य जरा."

बोलल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. भर दुपारी गेलेल्या माणसाला बोलावू नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकांना वाईट वाटलं. डोळे भरून आले. त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात...

टायर दबला.

समोरची बाजू. हळूच, करकरत. आधी थोडी, मग पूर्ण. काकांच्या हातातली पट्टी लोण्यातून फिरावी तशी फिरली.

त्यांनी टायरकडं बघितलं. काळ्या रबरावर साबणाचा फेस पसरला होता. त्या फेसात दोन जागा कोरड्या होत्या.

दोन पावलांएवढ्या. पुढं बोटांचे ठिपके.

काकांनी पट्टी तशीच धरून ठेवली.

आणि मग खांद्यावर हात आला.

"गार व्हता का काका?" मी विचारलं.

"न्हाई. गार न्हाई, गरम न्हाई. रोजचाच."

त्यांनी वर बघितलं नाही. बिलकुल नाही. वर बघितलं आणि कोणी नसलं तर काय करायचं, याची त्यांना भीती वाटली. कोणी असण्याची नव्हे, हे नीट वाचा.

दोन मिनिटांत टायर बसला. काम झालं होतं. आता एकच शब्द बोलायचा बाकी होता.

त्याचं असं आहे, की पूर्वी एकदा काकू मध्येच उतरल्या आणि काकांचं बोट काठात सापडलं. नख काळं पडलं, महिनाभर हात बांधलेला. तेव्हापासून काकूंनी नेम केला होता. काका 'उतर' म्हणत नाहीत तोवर टायरवरून उतरायचं नाही. एकदा चुलीवर दूध उतू गेलं, सगळं अंगणातून दिसत होतं, तरी बाई हलल्या नाहीत. काका 'उतर' म्हणाले तेव्हाच धावल्या.

म्हणजे आता काकांनी म्हटलं, की त्या जाणार.

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

घरात फोन वाजला. तृप्तीचाच असणार. वाजून वाजून बंद पडला. खांद्यावरचा हात तसाच होता.

मग काकांनी काय केलं?

बसलेल्या टायरमध्ये पट्टी घातली आणि काठ पुन्हा बाहेर काढला.

पुन्हा बसवला. पुन्हा काढला.

आणि ते बोलायला लागले. दीड वर्षाचं बोलणं साठलेलं. गाय विकली ते सांगितलं. भाकरी अजून गोल होत नाही ते सांगितलं. दिवाळीला पणती लावली नाही, तेही कबूल केलं. समोरून उत्तर येत नव्हतं. पण भाकरीचं सांगितलं तेव्हा खांद्यावरचा हात हलला. काकू हसल्या की त्यांचं सगळं अंग हलायचं, तसा.

"मंग मला भेव वाटलंच न्हाई रे," काका म्हणाले. "मला येवढंच वाटलं, सांज होऊ नये."

इकडं जालन्यात तृप्तीनं अकरा वेळा फोन लावला. शेवटी हरिओम मित्राची जीप घेऊन निघाला. तो वस्तीवर पोचला तेव्हा साडेसहा वाजले होते. ऊन तिरपं झालं होतं.

त्याला वाटलं काका पडले असतील, लागलं असेल. पण काका अंगणात बसलेले होते, हळू आवाजात बोलत. बोटांतून रक्त येत होतं. पिशवी दारातच भरून ठेवलेली.

"मामा, काय करून राह्यले तुम्ही? तृप्ती तिकडं रडून राह्यली."

"टायर बसवून राह्यलो."

हरिओमनं बघितलं. टायर चांगला बसलेला होता.

"बसलाय की मामा. चला, हात धुवा. गाडी राहू द्या, आपण जीपनं जाऊ."

काकांनी पट्टी घातली आणि काठ बाहेर काढला.

हरिओमला वाटलं उन्हानं डोकं फिरलं म्हाताऱ्याचं. तो जवळ आला, चपला काढल्या.

"बरं सरका. मी उभा राहतो वर, एका मिनिटात होईल."

काकांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं बघितलं. अगदी शांत, समजावल्यासारखं म्हणाले,

"तिथं जागा न्हाई."

हरिओम हसला. हसता हसता त्याची नजर फेसाकडं गेली आणि हसू तिथंच राहिलं. दिवसभराच्या उन्हात फेस वाळायला हवा होता. तो ओला होता. त्यातली दोन पावलं त्यालाही दिसली.

तरी पोरगा धीराचा. त्यानं वाकून दोन्ही हातांनी चाक धरलं आणि उचलायला गेला. चाक ते केवढं, दहा-बारा किलोचं.

हललं नाही. जमिनीत गाडल्यासारखं.

"हळू," काका म्हणाले. "तिला धक्का लागंल."

हरिओम चार पावलं मागं सरला. बायकोचा चेहरा डोळ्यापुढं आला म्हणून तो पळाला नाही, असं तोच सांगतो.

"मामा... तृप्तीला काय सांगू मी? उद्या बारसं आहे. तुमची वाट बघते ती."

काकांची हनुवटी हलत होती. लेकीचं नाव ऐकून ते रडत होते, पण आवाज नव्हता.

"सांग तिला, अण्णा येतच व्हते. कपडे पण भरले व्हते." मग म्हणाले, "पर माझ्यानं हिला उतर म्हणवत न्हाई."

हरिओम एकटाच परतला.

बारसं झालं. पाळण्याजवळ तृप्तीच्या बाजूचा पाट रिकामा राहिला. हरिओमनं तिला सांगितलं, मामांना ऊन लागलंय, झोपलेत. पण खोटं किती दिवस टिकणार? महिन्याभरानं त्यानं खरं ते सांगून टाकलं. त्याला वाटलं ती चिडेल, बापाला शिव्या देईल, कुणाला तरी दाखवायला न्या म्हणेल.

तिनं तसलं काही केलं नाही. बाळाला मांडीवर घेतलं. मग एवढंच विचारलं,

"अण्णांनी आईला सांगितलं का, नातू झाला म्हणून?"

मी काकांकडं जाऊन आलो. जेवतात, झोपतात, बोलतात, तब्येत आधीपेक्षा बरी दिसते. हे सगळं त्यांनी मला चहा पीत सांगितलं. चाक अजून अंगणातच आहे आणि काका अजून 'उतर' म्हणालेले नाहीत, म्हणून मी अंगणात बसलो नाही. घराच्या मागच्या बाजूनं गेलो आणि तिकडूनच परत निघालो. मी एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले एकटेपणाचा परिणाम असेल. असेल. पण मग हरिओमनं काय बघितलं?

आता मुलगा पळायला लागलाय. तृप्तीनं हट्ट धरलाय की एकदा त्याला घेऊन वस्तीवर जायचं. दुपारीच जायचं. आईच्या हातात द्यायचा.

हरिओम रोज फोन करतो. म्हणतो, "दादा, तुम्ही सांगा, नेऊ का नको?"

हल्ली त्याचा नंबर दिसला की मी फोन पालथा ठेवून देतो.